मतदाराचा कानोसा

निवडणूक आली की उमेदवार मतदाराच्या मनाचा ठाव घेऊ लागतो, यात नवे काही नाही. गल्लीतल्या कार्यकर्त्याला घरोघरचा हिशेब तोंडपाठ असतो. नवे आहे ते हे, की हा हिशेब आता यंत्राकडे गेला आहे आणि तो गल्लीचा न राहता एकेका माणसाचा झाला आहे. हे कसे घडते, ते एका गाजलेल्या प्रकरणावरून सांगतो.

२०१४ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठातील संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी फेसबुकवरील लोकांसाठी एक स्वभावचाचणी तयार केली. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी ती घेतली. फेसबुकच्या तेव्हाच्या नियमांमुळे चाचणी देणाऱ्याबरोबर त्याच्या मित्रांचीही माहिती हाती येई. ती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या निवडणूक-प्रचाराच्या कंपनीकडे गेली. मार्च २०१८ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघडकीस आणले. फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोक यात सापडले असावेत. भारतात चाचणी घेणारे अवघे ३३५; पण झळ पोचलेले ५,६२,४५५ पर्यंत! बाकीच्यांचा दोष एवढाच, की ते कोणाचे तरी मित्र होते.

या माहितीचे करायचे काय? आवडीनिवडींवरून स्वभाव ताडायचा आणि त्याला रुचेल तेच दाखवायचे. कंपनीचे प्रमुख अलेक्झांडर निक्स यांनी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत बंदूक बाळगण्याच्या हक्काचे उदाहरण दिले. धास्तावणाऱ्या माणसाला खिडकी फोडणारा चोर दाखवायचा. परंपरा मानणाऱ्याला मुलाला शिकारीला नेणारा बाप. मुद्दा एकच, चित्रे दोन.

अशाने मते कितपत फिरतात, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मला खरा धोका वेगळाच वाटतो. मैदानावरच्या सभेतले आश्वासन सर्वांच्या कानी पडते. आपल्या भागात पत्रके दोन भाषांत निघतात. पण दोन्ही वाचणारी माणसेही आहेत. एकीत एक आणि दुसरीत भलतेच लिहिले, तर कोणीतरी बोट ठेवतेच. मोबाईलवर एकट्याला दाखवलेला मजकूर मात्र शेजाऱ्याला दिसतच नाही. मग उमेदवाराला जाब कोण विचारणार?

केंब्रिज अ‍ॅनालिटिका २०१८ मध्येच बंद पडली. २०१९ मध्ये अमेरिकेत फेसबुकला ५ अब्ज डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु कायद्यावर सारे सोपवून चालणार नाही. आपला होकार आपल्यापुरताच नसतो, हे त्या ३३५ जणांवरून ध्यानात यावे. ‘तुमचा स्वभाव ओळखा’ असे कोणी म्हटले, तर ही चौकशी कशासाठी, हे आधी विचारावे. आणि प्रचाराचा मजकूर आला की तो शेजाऱ्याला दाखवावा, त्याचाही पाहावा. दोन्हींत तफावत दिसली, तर उमेदवाराला विचारायचा पहिला प्रश्न तोच.