इंग्रजीतील हरवलेला ‘तू’

यंदा आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने ‘दाउ’ या जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘आपण’ असा लिहिला. कारण विचारता तो म्हणाला, “सर, हा शब्द प्रार्थनेत येतो, म्हणजे मोठ्या मानाचाच असणार!” त्यास रागे भरण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, विद्यार्थिदशेत आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो.

वस्तुतः ‘दाउ’ म्हणजे आपला साधा ‘तू’. 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलात एकास ‘दाउ’ व अनेकांस ‘यी’ हा भेद कसोशीने पाळला आहे, मग तो एक राजा असो की चाकर. ‘यू’ तेथे ‘तुम्हांस’ या अर्थी येतो. लोकव्यवहारात मात्र थोरांस अनेकवचनाने संबोधण्याची रीत आधीच पडली होती, जशी आपल्याकडे ‘तुम्ही’ म्हणण्याची. मग ‘दाउ’ उरला तो लेकरांस, जिवलगांस, चाकरांस, आणि भांडणात पाणउतारा करावयास! सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स व त्याचे क्वेकर अनुयायी न्यायाधीशासही ‘दाउ’ म्हणत, आणि लोक संतापत. भर कचेरीत तहसीलदारसाहेबांस कोणी ‘अरे तू’ म्हटले तर काय होईल, ते पालकांस सांगावयास नको.

पुढे सरसकट ‘यू’ची चाल पडली आणि ‘दाउ’ सामान्य बोलण्यातून गेला. कोशात त्यापुढे ‘यू’ लिहिलेले असते. हा प्रतिशब्द जवळचा खरा, पण पुरा नव्हे. त्यात एक की अनेक, आपला की परका, काहीच उमगत नाही. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील मुलगा मात्र घरी “माय, तू जेवली का?” असे विचारतो आणि मास्तरांस ‘तुम्ही’ म्हणतो. आजच्या इंग्रज मुलास जे समजावून द्यावे लागते, ते त्यास उपजतच ठाऊक असते.

काही शब्द तर दिसतात ओळखीचे आणि फसवितात. ‘लेट’ म्हणजे ‘होऊ देणे’, पण जुन्या ग्रंथांत ‘अडविणे’ असाही अर्थ आढळतो. ‘मीट’ म्हणजे तेथे कोणतेही अन्न. (हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत तिचा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांस विचारावा!)

शेक्सपिअरचे नाटक वाचताना एखादे पात्र ‘यू’ सोडून एकाएकी ‘दाउ’वर आले, की तेथे पेन्सिलीने खूण करावी, आणि ते प्रेमाने आले की रागाने, हे मागचापुढचा संवाद पाहून ठरवावे.