डकडकगो टाकलं, मग प्लॉटवाल्यांचे फोन का येतात?

"गूगल काढ, डकडकगो टाक. मग तू काय शोधतोस ते कोणाला कळत नाही." शहापूर-मुरबाडकडे हा सल्ला हल्ली फार ऐकू येतो. देणारा बहुधा कॉलेजात जाणारा भाचा, आणि घेणारा मामा एनए प्लॉटवाल्यांच्या फोनांनी वैतागलेला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. रस्ता शहापूर तालुक्यातून जातो, त्यामुळे आपल्या गुंठ्याला काय भाव येईल हे बघायचा मोह कोणालाही होतो. मामा डकडकगोवर बघतो आणि फोन पुन्हा सुरू होतात. मग निष्कर्ष ठरलेला: "हे पण गूगलचंच असणार."

नाही, गूगलचं नाही. गेब्रिएल वाइनबर्ग यांनी 2008 मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ही वेगळी कंपनी आहे. तिचं वचन एवढंच आहे की तुम्ही काय शोधलंत याची तुमच्या नावाने वही ठेवणार नाही. ते वचन ती पाळते. गोंधळ होतो तो आपण त्या वचनात नसलेल्या गोष्टी घुसडतो म्हणून.

काय घडतं ते सावकाश बघू. 'शहापूर एनए प्लॉट' असं टाइप केलं की वर एक जाहिरात येते. ती त्या तीन शब्दांसाठी असते, तुमच्यासाठी नाही. इथवर ठीक. त्या जाहिरातीवर बोट ठेवलं की ती मायक्रोसॉफ्टच्या जाहिरात-यंत्रणेतून जाते. हिशेबासाठी तुमचा आयपी पत्ता तिकडे पोचतो, मात्र त्यावरून तुमची ओळख बांधली जात नाही, असं डकडकगोच्याच मदत-पानावर लिहिलं आहे. आता तुम्ही बिल्डरच्या साइटवर आलात, आणि सर्च इंजिनचं काम इथेच संपलं. अशा साइटवर बहुतेक वेळा गूगल आणि फेसबुकचे ट्रॅकर बसलेले असतात. त्याच ब्राउझरमध्ये फेसबुक उघडं असेल तर हा माणूस कोण, हे ओळखायला त्यांना फार वेळ लागत नाही. पुढे 'किंमत पाहण्यासाठी मोबाइल नंबर टाका' अशी चौकट येते. मामा नंबर टाकतो, ओटीपीही टाकतो, आणि खालची 'आमचे प्रतिनिधी संपर्क करतील' ही बारीक ओळ न वाचता खूण करतो.

आता सांगा, नंबर कोणी फोडला? दुकानात जायची वाट कोणाला कळू दिली नाही, पण दुकानात शिरून वहीत नाव-पत्ता आपणच लिहून आलो. हे दहादा सांगूनही "पण मी तर डकडकगोवरून गेलो होतो" हेच उत्तर मिळतं, तेव्हा हात टेकावेसे वाटतात.

खुद्द डकडकगोवरही आंधळा विश्वास नको. मे 2022 मध्ये झॅक एडवर्ड्स या संशोधकाने दाखवून दिलं की त्यांचा मोबाइल ब्राउझर इतर साइटवरचे काही मायक्रोसॉफ्ट ट्रॅकर अडवत नव्हता. मायक्रोसॉफ्टशी असलेल्या करारातल्या अटीमुळे हे होतं, असं कंपनीने कबूल केलं आणि ऑगस्टमध्ये धोरण बदललं. मात्र हा दोष ब्राउझरचा होता, सर्चचा नव्हता. आपल्याकडे या दोन्हींना सरसकट 'नेट' म्हणतात, म्हणून हा फरक मुद्दाम सांगावा लागतो.

मग वापरायचं कशाला? माणूस डॉक्टरला किंवा बायकोला विचारत नाही ते सर्चच्या चौकटीला विचारतो, म्हणून. गाठ आली, कर्ज थकलं, पोरगी पळून गेली. हे सगळं एका खात्यात वर्षानुवर्षं साठत जाऊ नये, एवढ्यासाठी तरी डकडकगो वापरावंच. निकाल गूगलसारखेच हवे असतील तर नेदरलँड्सचं स्टार्टपेज गूगलचेच निकाल मधे राहून आणून देतं. ब्रेव्ह सर्च 2023 पासून स्वतःच्याच यादीवर चालतं. डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"मी इन्कॉग्निटोत बघतो." त्याने तुमच्या फोनवर इतिहास साठत नाही, एवढंच. अमेरिकेत 2020 मध्ये याच मुद्द्यावर गूगलवर खटला झाला. 2024 च्या तडजोडीत जुन्या नोंदी पुसायचं गूगलने कबूल केलं, आणि इन्कॉग्निटोच्या पहिल्या पानावर आता स्पष्ट लिहिलं आहे की गूगलसह इतर साइट माहिती गोळा करतात त्यात याने फरक पडत नाही. ते पान मराठीतही दिसतं. वाचा.

"फोन आपलं बोलणं ऐकतो." नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 17 हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही अ‍ॅप स्क्रीनचं चित्रण मात्र बाहेर पाठवत होती, आणि त्याची चर्चा कोणी करत नाही.

"मोबाइल कंपनीलाही काही दिसत नाही." तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते साधारणपणे दिसतं, तिथे काय टाइप केलंत ते नाही.

"व्हीपीएन घेतलं की सुटलो." नजर मोबाइल कंपनीकडून व्हीपीएनवाल्याकडे जाते, एवढंच. शिवाय ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवा, असा सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचा व्हीपीएनवाल्यांना एप्रिल 2022 चा आदेश आहे.

"पैसे कुठे दिले ते तर खाजगी राहतं ना?" मुरबाडमधलं धसई डिसेंबर 2016 मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. वडापावचेही पैसे कार्डाने दिले की बँकेत नोंद होते. सर्च इंजिनचा तिथे संबंधच नाही.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" फोनबुक आहे की. झटपट कर्ज देणारी अ‍ॅप तेच आधी मागतात, आणि हप्ता चुकला की साडू, सासरे, सरपंच अशा सगळ्यांना फोन लावतात. कर्जाच्या अ‍ॅपने संपर्कयादीला हात लावू नये, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्येच बजावलं आहे. तरीही परवानगी मागणारं अ‍ॅप दिसलं तर ते त्याच क्षणी काढून टाका. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती असं गेलं की जाहिरात आयडी पुसता येतो, तोही पुसा. आणि नकोशा व्यापारी फोनांसाठी 1909 वर नोंदणी करा, ती फुकट आहे.