पांढऱ्या कपड्यांची भीती आणि झोळीतला काटा

गडचिरोलीच्या जंगलातल्या गोंड-माडिया माणसाला ताप आला, बाळंतपण अडले, पोर निपचित पडले, तरी तो इस्पितळाची वाट धरत नसे. शहरातल्या शहाण्यांनी याचे उत्तर केव्हाच ठरवून टाकले होते: अडाणीपणा, अंधश्रद्धा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी मात्र हा प्रश्न थेट त्या माणसांनाच विचारला. मिळालेले उत्तर ऐकून कोणताही डॉक्टर क्षणभर गप्प बसावा. "तुमचे डॉक्टर आणि नर्सबाई पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो. मढ्याचे कपडे घालणारे जिवंत माणसाला कसे वाचवणार?" शिवाय एवढ्या मोठ्या इमारतीत वाट चुकते, नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि तिथे देवही नसतो!

या तक्रारी कुणी हसण्यावारी नेल्या असत्या. बंग दांपत्याने त्या बांधकामाच्या नकाशात उतरवल्या. धानोऱ्याच्या वाटेवर चातगावजवळ १९९३ च्या सुमारास 'शोधग्राम' उभे राहिले ते आदिवासी पाड्यासारखे. रुग्णांसाठी झोपडीवजा खोल्या, सोबत नातेवाइकांनाही राहायला जागा. दवाखान्याला नाव दिले ते आदिवासींच्या आराध्य देवतेचे, माँ दंतेश्वरीचे. रुग्ण आधी देवीला हात जोडतो आणि मग डॉक्टरला दाखवतो. शहरी डोळ्याला हे विचित्र वाटेल, पण खाटा रिकाम्या राहण्यापेक्षा हे केव्हाही बरे!

गोदामातली प्रयोगशाळा

दोघेही नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. राणीताईंचा विषय स्त्रीरोग, अभय बंगांचा वैद्यकशास्त्र. पुढे १९८४ मध्ये दोघांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथे राहायचे दार उघडे होते. ते परतले, आणि आले ते गडचिरोलीत. चंद्रपूरमधून वेगळा काढलेला हा जिल्हा तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. १९८६ मध्ये तेंदूपत्त्याच्या एका जुन्या गोदामात 'सर्च' या त्यांच्या संस्थेचे काम सुरू झाले.

पहिलाच धडा थोडा कडू होता. या भागातल्या लोकांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे त्यांनी संशोधनाने दाखवून दिले. शास्त्रीय जगाने दखल घेतली. पण गावकऱ्यांना त्यात फारसे स्वारस्य नव्हते. त्यांच्या लेखी तातडीचे दुखणे वेगळेच होते. संशोधन कुणाच्या गरजेचे, डॉक्टरच्या की रोग्याच्या, हा प्रश्न तेव्हापासून शोधग्रामच्या कामाला चिकटला तो कायमचा.

मग बायकांनी राणीताईंना जे सांगितले, ते ऐकले गेले. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के! हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खेड्यातल्या बाईचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, हे त्यामुळे जगाला मान्य करावे लागले. पुरुषांच्या दारूने घरेच्या घरे बसतात, ही तक्रारही बायकांचीच. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीची परिणती १९९३ च्या जिल्हा दारूबंदीत झाली.

बारापर्यंत मोजणारी दाई

या भागात हजारी १२१ मुले वर्षाच्या आत दगावत होती. त्यात सर्वांत मोठा वाटा होता न्यूमोनियाचा. औषध स्वस्त होते. अडचण होती ती ओळखण्याची. तान्ह्या मुलाचा श्वास मिनिटाला साठहून जास्त, आणि दोन महिन्यांवरच्या मुलाचा पन्नासहून जास्त चालला तर तो न्यूमोनिया, असे शास्त्र सांगते. पण गावच्या दाईला बारापर्यंतच मोजता येत होते. तिला पुन्हा शाळेत बसवायचे?

त्यापेक्षा सोपी युक्ती निघाली. लाकडी पाटीवर तारेत ओवलेले मणी आणि शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. दोन वयोगटांसाठी दोन ओळी. एवढ्या साध्या खेळण्यावजा साधनाने ज्या गावांत काम झाले तिथले न्यूमोनियाचे मृत्यू झपाट्याने खाली आले.

तरीही अगदी नवजात बाळे मरतच राहिली.

एका पावसाळी संध्याकाळची गोष्ट डॉ. अभय बंगांनी पुष्कळदा सांगितली आहे. एक तरुण आई आणि तिची म्हातारी आई धावतपळत त्यांच्या घरी आल्या. पदराखाली हाडांचा सापळा झालेले तान्हे बाळ. डॉक्टरांनी त्याला आपल्याच बिछान्यावर ठेवले, आणि काही करायच्या आत त्याचा श्वास थांबला. गाव फार लांब नव्हते. मग बाळ का मेले? आईला गरोदरपणात हिवताप झाला होता. ती पोटभर जेवली नव्हती. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल, ही समजूत या भागात घरोघर होती. बाळ कमी वजनाचे जन्मले. बाप दारुडा. आधी मांत्रिक झाला. त्यात वाटेतल्या नदीला पूर आणि पूल नाही. एकेक कडी जोडत गेले तर साखळी संपेना. गरिबी हटेपर्यंत, पूल बांधून होईपर्यंत वाट पाहायची तर किती बाळे जातील? साखळीतली एखादी कडी आजच तोडता येईल का?

आरोग्यदूत

त्या वेळी गावात शंभरातली ९५ बाळंतपणे घरीच होत. शंभरातली ४२ बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची. निम्म्याहून अधिक बाळांना पहिल्या महिन्यात वैद्यकीय मदतीची गरज पडे, आणि ती मिळे शंभरातल्या जेमतेम तिघांना. बाळ इस्पितळात जात नसेल तर इस्पितळानेच बाळाकडे जायला हवे, हा विचार इथे पक्का झाला.

३९ गावांतून प्रत्येकी एक बाई निवडली गेली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली आणि त्याच गावात राहणारी. तिला नाव दिले 'आरोग्यदूत'. गरोदर बाईच्या घरी ती आधीपासून जाऊ लागली. प्रसूतीच्या वेळी दाई आईकडे पाही आणि आरोग्यदूत बाळाकडे. बाळ रडले नाही, श्वास घेईना, तर पिशवी आणि मुखवटा लावून श्वास द्यायचा. मग कापडी झोळीत घालून स्प्रिंगच्या काट्याने वजन करायचे, ताप पाहायचा, अंग पुसून कोरडे करून बाळाला गुंडाळायचे आणि लगेच आईच्या छातीशी द्यायचे. अठ्ठावीस दिवसांत ती पुन्हा पुन्हा त्या घरी जाई आणि पाहिलेले सगळे कागदावर उतरवी. दर पंधरवड्याला पर्यवेक्षक येऊन तिची नोंद तपासून जाई.

सर्वांत मोठा वाद झाला तो इंजेक्शनवरून. नवजात बाळांचा मोठा वैरी म्हणजे जंतुसंसर्ग. त्याची लक्षणे दिसली की आरोग्यदूतने आईबापांना इस्पितळात जायला सांगायचे. ते तयार नसतील तर त्यांची लेखी संमती घेऊन प्रतिजैविकाचे इंजेक्शन स्वतः द्यायचे. सातवी शिकलेली बाई दोन किलोच्या बाळाला सुई टोचणार? डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावल्या, आणि त्यात वावगे काही नव्हते. चूक झाली असती तर जीव बाळाचा गेला असता आणि बोल त्या बाईला लागला असता. तेही तिच्याच गावात, रोज पाण्याला जायच्या वाटेवर.

उत्तर आकड्यांनी दिले. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत संसर्ग झालेल्या बाळांमधले मृत्यूचे प्रमाण शंभरी सोळा-सतरावरून तिनाच्याही खाली आले. हजारी ६२ नवजात बाळे दगावत होती तिथे तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास दगावली. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हा अहवाल आला आणि दूरदूरचे तज्ज्ञ गडचिरोलीची वाट विचारू लागले. दोनच वर्षांनी 'कोवळी पानगळ' या अहवालाने महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा खरा आकडा सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी मोठा असल्याचे दाखवले, तेव्हा मुंबईच्या विधिमंडळापर्यंत खळबळ उडाली.

हे सगळे आदिवासी तरुणांपर्यंत पोचवण्याचे काम शोधग्राम 'तारुण्यभान' या शिबिरांतूनही करत आले. वयात येणे, लग्न, शरीर, व्यसन या विषयांवर गावात कुणी मोकळे बोलत नाही. त्याची किंमत पहिल्या बाळंतपणात मोजावी लागते, हे राणीताईंना बाह्यरुग्ण विभागात रोजच दिसत होते.

२०११ मध्ये केंद्र सरकारने 'घरोघरी नवजात बाळाची काळजी' हा कार्यक्रम देशभर सुरू केला. जन्म इस्पितळात झाला असेल तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे. घरीच झाला असेल तर पहिल्या दिवशीही. तिच्या पिशवीत काटा, तापमापी आणि घड्याळ आले, इंजेक्शन मात्र आले नाही. संसर्गाची लक्षणे दिसली की तिने बाळाला इस्पितळात पाठवायचे. जिथे रस्ता आहे, गाडी आहे, तिथे ते जमते. जिथे पावसाळ्यात नदी आडवी येते, तिथे त्या सुईचे काय करायचे, हा प्रश्न गडचिरोलीने कधीच विचारून ठेवला आहे.