48 तासांचं सँडविच

एका विमानतळावर पहाटेच्या विमानाआधी मी 280 रुपयांचं व्हेज सँडविच घेतलं. तिकोनी डबीत दोन तुकडे. पहिला घास गार, दुसरा गार आणि चिवट. हातात वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून डबीवरचं लेबल वाचू लागले, तर तळाशी बारीक अक्षरात पत्ता होता : एमआयडीसी, भोसरी. ब्रॅकेट, बुश आणि गास्केटच्या त्या गल्ल्यांत माझा नाश्ताही तयार झाला होता. ओळखीपाळखीतून परवानगी काढली आणि एका संध्याकाळी त्या शेडमध्ये जाऊन उभी राहिले.

शेजारी प्रेस शॉप आहे. थोड्या थोड्या वेळाने धप्प आवाज होतो आणि स्टीलच्या टेबलावरच्या काकडीच्या चकत्या किंचित थरथरतात. काम करणाऱ्या बायकांना त्याचं काही नाही. डोक्याला जाळी, हातात मोजे, पायात गमबूट. भाज्या क्लोरीनच्या पाण्यातून निघतात, चकत्या यंत्र पाडतं, बटाटे दुपारीच उकडून ठेवलेले असतात. इतक्यात कोणीतरी चटणीच्या मिक्सरचं झाकण उघडलं. कोथिंबीर, पुदिना, आलं, हिरवी मिरची. क्लोरीनचा वास त्यापुढे पार पळाला. माझ्या डबीत हा वास नावालाही नव्हता.

सगळे जिला मावशी म्हणतात ती लोण्याच्या टेबलावर असते. स्लाइसला लोणी फासायचं, एवढंच काम. पण सगळं सँडविच त्यावर उभं असतं. ‘लोणी म्हणजे पावाचा रेनकोट,’ सुपरवायझर म्हणाला. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला तरुण मुलगा, हजरजबाबी. चटणीचं आणि टोमॅटोचं पाणी पावात उतरू नये म्हणून लोण्याचा थर हवा. कुठे कोपरा सुटला की तिथून पाव भिजायला लागतो. ‘आणि आपल्याला काढायचेत 48 तास.’

48 तास हा त्याचा मंत्र आहे. टोमॅटोच्या बिया का काढता? 48 तास. चटणी घट्ट का? 48 तास. कांदा का नाही? 48 तासांनी डबी उघडल्यावर कांदा काय करतो ते विचारू नका.

भाजी भरायची कुठे, याचाही नियम आहे. जिथून तिरका काप जाणार तिथे, मधोमध. डबीच्या पारदर्शक तोंडातून दिसतो तो कापच, म्हणजे तो भरगच्च दिसला पाहिजे. बाजूला रिकामं राहिलं तर राहू दे. नियम चलाखीचा आहे, लबाडीचा म्हणायला मी कचरते. मावशी मात्र तो पाळत नव्हती. सुपरवायझर डिस्पॅचकडे वळला की पुढच्या टेबलाकडे हात लांबवून बटाट्याचा एकेक काप कोपऱ्याकडे सरकवायची. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, ‘मग कोपरा कोरडाच खायचा का माणसाने?’

तिने एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. ‘आत्ता खाऊन बघा, ताई. तिकडं गेल्यावर ते ह्याच्यासारखं राहत नाही.’ पाव मऊ, चटणी झणझणीत, बटाटा अजून कोमट. उत्तम सँडविच होतं. म्हणजे बिघडतं ते नंतर.

बिघडतं ते कोल्ड रूममध्ये. अन्नसुरक्षेच्या नियमाने गार पदार्थ 5 अंशांच्या वर जाता कामा नये, आणि ते योग्यच आहे. उकडलेला बटाटा उघड्यावर ठेवून लोकांना आजारी पाडण्यात काय अर्थ? पण पावातल्या स्टार्चला हेच तापमान मानवत नाही. गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे फ्रिजच्याच थंडाव्यात, पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. ज्या थंडीने सँडविच सुरक्षित राहतं तीच त्याला चामट करते. चटणीचा वासही थंडीत दबून जातो. मावशीचं लोणी तिथे काय करणार?

मग 280 रुपये कशाचे? विमानतळावरच्या दुकानदाराला विक्रीतला ठरावीक हिस्सा किंवा किमान हमी रक्कम, यातलं जे जास्त ते द्यावं लागतं. नोकरांना सुरक्षा तपासून पास, मालाची तपासणी, आणि 48 तासांत जे खपलं नाही ते फेकायचं. फेकलेल्याचे पैसे खपलेल्यावर. जागेचा भार बाजूला केला की काय होतं हे विमानतळ प्राधिकरणानेच दाखवलं आहे : डिसेंबर 2024 मध्ये कोलकात्याला सुरू झालेल्या ‘उडान यात्री कॅफे’त चहा 10 रुपयांना आणि सामोसा 20 रुपयांना ठेवला. पाण्याच्या एकाच बाटलीवर दोन ठिकाणी दोन छापील किमती 1 जानेवारी 2018 पासून चालत नाहीत. सँडविचला ती अडचण नाही. डबी बदलली की ती वेगळी वस्तू.

आणि डबी खरंच बदलते. त्याच टेबलावरून, त्याच पावाचं सँडविच उघड्या क्रेटमध्ये चाकणच्या एका कारखान्याच्या कँटीनला जातं. ना तिकोनी डबी, ना कोल्ड रूम. सेकंड शिफ्टच्या चहाला गाडी पोचते आणि तासाभरात क्रेट रिकामे परत येतात. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यांना कँटीन लावून दिलं, आणि तिथे नफा न धरता खाणं द्यायची रीत पडली. चाकणच्या अंगाला खेड तालुक्यात पुण्याचा नवा विमानतळ व्हायचा होता. 2016 मध्ये तो पुरंदरला गेला. तेव्हा गेलं त्याची हळहळ अजून ऐकू येते. सँडविचपुरतं बोलायचं तर चाकण फायद्यात आहे.

मावशीला मी किंमत सांगितली. ती चिडेल असं वाटलं होतं. ती हसली. ‘दोनशे ऐंशी? मग सोबत चहा तरी देत असतील.’ नाही म्हटल्यावर तिने पुढची स्लाइस ओढली आणि चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी नेलं.

भोसरीच्या त्या शेडमधलं सँडविच चांगलं आहे, विमानतळावरचं तितकं नाही, आणि 280 रुपयांचं तर मुळीच नाही. देशांतर्गत प्रवासात पोळीभाजी किंवा घरचं सँडविच हातातल्या बॅगेतून नेता येतं, तपासणीत त्याला कोणी अडवत नाही. विकतच घ्यायची वेळ आली तर डबीवरची तयार केल्याची तारीख बघा आणि काउंटरवर ग्रिल असेल तर गरम करून मागा. गरम केल्यावर शिळा पाव पुन्हा मऊ होतो, निदान खाऊन होईपर्यंत.