सातबाऱ्याचे रकाने आणि ओळी

संगणकाच्या पडद्यावर आडव्या ओळी आणि उभे रकाने मांडून माहिती दाखवणाऱ्या साधनाला ‘डेटा ग्रिड’ म्हणतात. बँकेत, आडत दुकानात, महाविद्यालयाच्या प्रवेश कक्षात आपल्याला दिसतो तो तक्ता हाच. नांदेड आणि लातूर या दोन गावांत अशा तक्त्यांची कामे करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. सगळी मेहनत माहिती भरण्यावर होते आणि ती चौकटीत कशी दिसावी, हे काम शेवटच्या रंगरंगोटीसारखे उरकले जाते. वाचणाऱ्याच्या हाती मात्र चौकटच येते. हे समजावून घ्यायला घरोघरी असलेल्या सातबाऱ्याइतके चांगले उदाहरण नाही.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. पहिल्यात जमिनीवरचे हक्क, दुसऱ्यात पिकांची नोंद. संगणकात या नोंदी एका जागी साठवलेल्या असतात आणि त्या कशा दाखवायच्या याचा साचा, म्हणजे टेम्पलेट, वेगळा असतो. रकान्याचा साचा ठरवतो की आकडा कोणत्या एककात, किती स्थळांपर्यंत, कोणत्या कडेला लावून दिसावा. ओळीचा साचा ठरवतो की एखादी नोंद चालू आहे की रद्द, हे नजरेला कसे कळावे. नोंदीला हात न लावता साचा बदलता येतो, ही या पद्धतीची खरी सोय. राज्याच्या महसूल विभागाने २०२० साली सातबाऱ्याचा नमुना बदलला, त्यातले बरेच बदल याच प्रकारचे होते.

आधी रकाना पाहू. क्षेत्राच्या रकान्यात १.२० असे लिहिले आहे. शासनाच्या हिशेबात ते १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळपास तीन एकर. पण आपला शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. त्याने ते १ एकर २० गुंठे असे वाचले, तर जमीन दीड एकरच उरते. आकडा एकच, पण वाचनात निम्म्याचा फरक! म्हणूनच नव्या नमुन्यात शेतजमिनीसाठी हेक्टर, आर, चौरस मीटर आणि बिनशेतीसाठी आर, चौरस मीटर असे एकक स्पष्ट दाखवले आहे.

शेवटचे शून्य गाळण्याची संगणकाची सवयही इथे घातक ठरते. १.५० चे १.५ झाले की कोणी ते १ हेक्टर ५ आर वाचू शकतो. एकर-गुंठ्यांच्या तक्त्यात तर बेरीजही चुकते. १.३० मध्ये १.३० मिळवले की यंत्र २.६० सांगते, चाळीस गुंठ्यांचा एकर धरला तर उत्तर ३ एकर २० गुंठे येते. हा नियम रकान्याला सांगावा लागतो. तो आपणहून त्याला कळत नाही.

आता ओळ. पूर्वी मयत खातेदाराचे नाव किंवा फिटलेल्या कर्जाचा बोजा कंसात दाखवत. कंसाचा अर्थ तलाठ्याला माहीत, पण वारसाला किंवा जमीन घेणाऱ्याला तो कळेलच असे नाही. नव्या नमुन्यात अशा नोंदींवर आडवी रेषा मारलेली दिसते. ग्रिडच्या भाषेत हा अटीवर चालणारा ओळीचा साचा: नोंद रद्द असेल तर रेषा मार. यासाठी लाल रंगही वापरता आला असता. पण सातबाऱ्याची झेरॉक्स निघते आणि झेरॉक्समध्ये लाल काय नि काळा काय, सारखेच. रेषा मात्र टिकते.

तिसरी गोष्ट रिकाम्या चौकटीची. रिकामी जागा म्हणजे काही नाही, की भरायचे राहून गेले? नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफार असेल तर तो दिसतो, नसेल तर तसे शब्दांत लिहिलेले असते. खरेदीच्या आधी सातबारा पाहणाऱ्याला या एका ओळीचा मोठा आधार आहे.

रकान्यांच्या मथळ्यांनाही साचा असतो. गाव नमुना १२ च्या जुन्या छापील पत्रकात मिश्र पीक आणि निर्भेळ पीक असे मोठे मथळे असून त्यांच्याखाली जलसिंचित, अजलसिंचित हे रकाने पुन्हा पुन्हा येतात. आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींत तूर घेतात. वरचा मथळा काढला तर ‘अजलसिंचित’ खालचा आकडा दोन्ही पिकांचा मिळून की एकट्या सोयाबीनचा, ते कळणार नाही. मोबाइलवर तर इतके रकाने मावतच नाहीत. २०२१ साली राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत म्हणून रकान्यांचे प्रश्न झाले आणि शेतकरी ते एकेक करून भरू लागला.

मराठवाड्यात आणखी एक पेच आहे. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानच्या कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू पत्रकाचा पहिला रकाना उजव्या कडेला असतो. ते मराठी तक्त्यात उतरवताना अक्षरांबरोबर रकान्यांचा क्रमही फिरवावा लागतो. तसे न केल्यास एका रकान्याची माहिती दुसऱ्यात जाऊन बसते.

साच्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. चुकीचे नाव कितीही नीट चौकटीत बसवले तरी ते चुकीचेच राहते. लेखनप्रमाद असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागतो. पण चूक आहे हे कळायला आधी उतारा वाचता आला पाहिजे. म्हणून सातबारा हाती आला की क्षेत्राचे एकक, रेषा मारलेल्या ओळी आणि प्रलंबित फेरफाराची जागा या तीन गोष्टी आधी पाहाव्यात. आणि तक्ते बनवणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्यांची झेरॉक्स काढून, संगणक न वापरणाऱ्या माणसाला एकदा वाचायला द्यावी.