पेंढा वाळवायचा की झाकायचा? फोनवरचा पावसाचा अंदाज असा वाचा

हवामानाचं ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं. मॅचच्या आधी नाहीतर माथेरानला जाताना आपण ते उघडतो, ढगाचं चित्र बघतो आणि बंद करतो. आमच्या घरी मात्र मे महिन्यात त्या ढगावर बरंच काही ठरतं.

मी कर्जत तालुक्यातल्या कळंबचा. घरी 4 जनावरं आहेत. एका जनावराला दिवसाला 5 किलो सुका पेंढा धरला, तर पावसाळ्याच्या 120 दिवसांना 2,400 किलो लागतो. मुंबईत मान्सून पोचायची सरासरी तारीख 11 जून आहे. म्हणजे शेतातली गंजी आणि उन्हाळी भाताचा ताजा पेंढा, दोन्ही त्याआधी वाळून, बांधून माळ्यावर गेलं पाहिजे. आणि नेमका त्याच दिवसांत वळीव येतो.

पेंढा ओला राहिला तर काय होतं?

ओल्या पेंढ्याला बुरशी लागते. बुरशीचा भाताचा पेंढा खाऊन म्हशींना देगनाला नावाचा रोग होऊ शकतो. त्यात शेपूट, कान आणि पायाचा खुराजवळचा भाग सडतो. दुसरा धोका आगीचा. ओल्या ढिगाच्या आत जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यातून उष्णता तयार होते आणि ती बाहेर पडायला वाट नसते. ढीग मोठा असेल तर तो आपोआप पेटूही शकतो.

1. अंदाजातले शब्द समजून घ्या

हवामान खात्याच्या ‘मौसम’ आणि शेतीसाठीच्या ‘मेघदूत’ ॲपवर अंदाज मिळतो. अंदाजात जे शब्द येतात त्यांना ठरलेला अर्थ आहे. जिल्ह्यातल्या किती केंद्रांवर पाऊस होईल, ते हे शब्द सांगतात:

- तुरळक ठिकाणी: 25 टक्क्यांपर्यंत
- काही ठिकाणी: 26 ते 50 टक्के
- बऱ्याच ठिकाणी: 51 ते 75 टक्के
- बहुतांश ठिकाणी: 76 टक्क्यांच्या वर

म्हणजे ‘रायगडमध्ये तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हटलं आणि अलिबागला ऊन पडलं, म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. तो पाऊस कदाचित आमच्या खळ्यावरच पडलेला असतो! पिवळा, नारिंगी आणि लाल इशाराही अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो, आपल्या वाडीसाठी नाही. त्यामुळे अंदाज बघून दिवस ठरवायचा. तासाचा निर्णय घ्यायला रडार लागतं.

2. रडार बघायला शिका

रडार रेडिओ लहरी सोडतं. त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं, आणि किती जोरात आल्या त्यावरून पावसाचा जोर. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे हवामान खात्याचे रडार आहेत, आणि कर्जतचा भाग त्यांच्या टप्प्यात येतो. चित्रं खात्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात.

- आधी चित्रावरची वेळ बघा. ती यूटीसीमध्ये असेल तर साडेपाच तास मिळवा.
- अर्ध्या तासाच्या अंतराची दोन चित्रं घ्या. ढग त्या वेळात 10 किलोमीटर सरकला असेल, तर त्याचा वेग ताशी 20 किलोमीटर.
- तो आपल्यापासून 20 किलोमीटरवर असेल, तर हातात साधारण एक तास आहे.

आमच्याकडे मे महिन्यातले ढग बऱ्याचदा दुपारनंतर भीमाशंकरच्या बाजूला, घाटावर तयार होतात आणि मग खाली सरकतात. म्हणून मी समुद्राकडे बघत बसत नाही, पूर्वेला बघतो. एक लक्षात ठेवा, ढग जागच्या जागी वाढूही शकतो. त्यामुळे तास मिळाला तरी ताडपत्री आधीच हाताशी हवी.

3. विजेसाठी ‘दामिनी’

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं हे ॲप आपल्या आसपास 20 आणि 40 किलोमीटरच्या आत पडणाऱ्या विजा दाखवतं. रेंज नसेल तर स्टॉपवॉच वापरा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि 3 ने भागा, तेवढे किलोमीटर. 30 सेकंद किंवा त्याहून कमी आले, तर पेंढा आहे तिथे सोडा आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. पेंढा परत मिळेल, माणूस नाही.

4. फोन काय सांगू शकत नाही?

ॲपमध्ये ‘आर्द्रता 70 टक्के’ दिसते ती हवेची. पेंढ्यातला ओलावा त्यात दिसत नाही. साठवायच्या पेंढ्यात ओलावा 15 टक्क्यांच्या आसपास हवा. तो असा तपासा:

1. चमचाभर मीठ तव्यावर कोरडं करून गार करा.
2. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर पेंढा बारीक कापून टाका. त्यात मीठ घाला.
3. झाकण लावून दोन मिनिटं हलवा.
4. मीठ सुटं राहिलं तर पेंढा बांधायला हरकत नाही. गुठळ्या झाल्या, मीठ पेंढ्याला चिकटलं, तर अजून एक ऊन द्या.

नमुना ढिगाच्या मधून घ्या, वरून नको. वरचा पेंढा नेहमीच कोरडा लागतो. शिवाय रात्रीच्या दमट हवेत पेंढा परत ओलावा धरतो, म्हणून बांधायचं काम सकाळी लवकर न करता दुपारी करा.

रचून झाल्यावर पहिले काही आठवडे एक लोखंडी सळई गंजीत खोल खुपसून 15-20 मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल इतकी गरम लागली, तर आत धग वाढली आहे. ती वेळेवर लक्षात आली तर ढीग मोकळा करून पसरता येतो. पण धूर किंवा जळका वास येत असेल तर ढीग उचकू नका. हवा लागली की तो भडकतो. आधी अग्निशमन दलाला बोलवा आणि पाण्याची सोय करा.

यातल्या एकाही गोष्टीला महागडा फोन लागत नाही. घरात जनावरं असतील तर आज रात्रीच ‘दामिनी’ टाकून ठेवा आणि रडारचं पान बुकमार्क करा. वळीव आल्यावर डाउनलोड करायला वेळ मिळत नाही, आणि तेव्हा आमच्याकडे रेंजही नसते.