शिवराई होन घेताय? आधी हे वाचा

◆ नाणं : शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं सोन्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती बारीक ठिपक्यांचं वर्तुळ. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास.

◆ किंमत कशाची? सोन्याची नव्हे, दुर्मिळतेची. अस्सल होन फार थोडे उरले आहेत. त्यामुळे सराफाचा दिवसाचा भाव इथे उपयोगी पडत नाही.

◆ खोटं कसं ओळखायचं? भिंगाखाली पाहा. अस्सल नाणं ठशावर हातोडा मारून पाडलेलं असतं. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं किंवा कडेला सांध्याची रेघ दिसली, तर ते ओतीव असल्याचा संशय घ्या. वजन आणि घनताही तपासून घ्या.

◆ हे करू नका : नाणं घासून चकचकीत करणं, माळेत ओवण्यासाठी कडी डाकणं. दोन्हींमुळे संग्राहकाच्या लेखी मोल घटतं.

◆ कायदा : शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरतं. ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातलगांना भेट म्हणूनही नाही. विक्रेत्याकडे परवाना हवा. जमिनीत सापडलेलं नाणं १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

नवख्याने सुरुवात तांब्याच्या शिवराईपासून करावी. ती आजही सहज आणि स्वस्तात मिळते. नजर तयार झाल्यावरच सोन्याकडे वळा, आणि तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.